धातूतील व्याजस्तुती

नाणी जमविणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो अस्सल आणि नकली यांतील भेदाचा. शिवराई असो, बडोद्याचा बाबाशाही रुपया असो की हैदराबादचा हाली सिक्का असो, हातात आलेला तुकडा त्या त्या टांकसाळीतून निघालेला आहे की मागाहून कोणी पाडलेला आहे, हा प्रश्न आधी; सौंदर्य, इतिहास, दुर्मिळता हे सारे नंतर. नाण्यांच्या बाबतीत हा धडा योग्यच आहे. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेत निघालेल्या राजकीय उपहासाच्या पदकांना तो जसाच्या तसा लावला, तर संग्राहकाच्या हातून महत्त्वाची वस्तू टाकून दिली जाते आणि कमी महत्त्वाची जपली जाते, असे माझे मत आहे. त्या मताची कारणे येथे मांडतो. ती नाणकशास्त्रातली कमी आणि साहित्यविचारातली अधिक आहेत; म्हणूनच ती या अंकात मांडण्याचे धाडस करीत आहे.

पदक ही मुळात सन्मानाची वस्तू. संस्थानी नोकरीत पिढ्या घालविलेल्या घरांतून १९११ च्या दिल्ली दरबाराचे पदक अजूनही कधीमधी निघते. एका बाजूस मुकुटधारी राजा-राणीचे जोडीचे मुखवटे, दुसऱ्या बाजूस फारसी लेख. या पदकात अर्थ शोधावा लागत नाही. त्याची चौकटच अर्थ सांगते. धातूत कोरलेले, तारीख घातलेले, छातीवर लावण्याजोगे जे आहे ते गौरवासाठीच आहे, ही समजूत पाहणाऱ्याच्या मनात आधीपासून असते. सन्मानाच्या अशा ठरीव रूपांत केवढी ताकद असते, हे त्याच दरबाराने दाखविले. सयाजीराव महाराज एकदाच लवून पाठ फिरवून परतले, एवढ्या तपशिलावरून साम्राज्य अस्वस्थ झाले होते. रूप ठरलेले असले की त्यातला लहानसा बदलही वाचला जातो.

उपहासाचे पदक याच ठरीव रूपाचा फायदा घेते. ते गौरवाचा पोशाख चढविते आणि आत निंदा ठेवते. आपल्या आलंकारिकांनी, मम्मटासारख्यांनी, ज्याला व्याजस्तुती म्हटले तो अलंकार तो हाच: वरवर स्तुती, पर्यवसान निंदेत, किंवा याच्या उलट. पण व्याजस्तुतीला एक अट असते. ऐकणारा सहृदय हवा, म्हणजे प्रसंग, वक्ता आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो, ही तिन्ही त्याला ठाऊक हवीत. ती नसतील तर स्तुती ही स्तुतीच राहते. ‘केशवकुमार’ या नावाने अत्र्यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध केली. त्या विडंबनांतील नेमकी चिमटी आज किती वाचकांना लागते? रविकिरण मंडळाच्या कविता ज्याला तोंडपाठ होत्या त्याला ती लागत असे. आजच्या वाचकाला पुष्कळदा केवळ गंमतीदार यमके दिसतात. कागदावरच्या विडंबनाला निदान टीपा जोडता येतात. दोन-सव्वादोन इंचांच्या धातूच्या चकतीवर टीप कोठे लिहिणार?

या अडचणीतून अमेरिकेतल्या कारागिरांनी एक सरळ वाट काढली होती. तिचा उल्लेख आधी करतो, कारण पुढची गुंतागुंत तिच्यामुळे स्पष्ट होईल. १८९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे उमेदवार सोळा भार चांदीस एक भार सोने या दराने चांदीची नाणी मुक्तपणे पाडावीत, असा आग्रह धरीत होते. बाजारात मात्र एक भार सोन्यास सुमारे तीस भार चांदी मिळत होती. (चांदी आणखी घसरण्यात आपलाही हात होता; १८९३ साली हिंदुस्थान सरकारने आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या होत्या.) ब्रायनविरोधकांनी त्यांच्या या कल्पित नाण्याची थट्टा करणारी पदके काढली. त्यांना संग्राहक आज ‘ब्रायन मनी’ म्हणतात. गोरहॅमसारख्या प्रतिष्ठित रौप्यकारांनी चांदीची मोठी चकती तयार केली, ८२३ ग्रेनची, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे साडेचार तोळ्यांची. एक सोन्याचा डॉलर विकत घ्यायला एवढी चांदी लागते, आणि सरकारी डॉलरमध्ये ती फक्त ४१२॥ ग्रेन आहे, असे तिच्यावर स्वच्छ लिहून टाकले. भाव कोणत्या दिवसाचा तेही नोंदविले. दुसरीकडे शिसे आणि हलक्या धातूंच्या ओबडधोबड थट्टेच्या चकत्या निघाल्या. १९०० च्या निवडणुकीतही हा प्रकार चालला. फॅरन झर्बे यांनी १९२६ साली या सर्वांची सूची केली आणि त्यांचे तुलना करणारी व थट्टा करणारी असे दोन वर्ग पाडले.

रौप्यकारांच्या या पदकाला संग्राहकाच्या मदतीची गरज नाही. प्रसंग त्याच्या अंगावरच कोरलेला आहे, आणि वजन हाच त्याचा युक्तिवाद आहे. तळहातावर घेतले की पटते. साहित्यगुण म्हणाल तर बेताचेच. सव्वाशे वर्षांनंतरही चुकीचे वाचले जाण्याची भीती नाही, एवढे खरे.

आता ज्या पदकावर हा लेख प्रामुख्याने उभा आहे त्याकडे वळतो. कार्ल गोएट्झ (१८७५–१९५०) हे म्युनिकचे पदककार. पहिल्या महायुद्धात त्यांनी उपहासाच्या ओतीव पदकांची मोठी मालिका स्वतःच्या हिमतीवर काढली. सरकारने ती काढविली नव्हती. त्या मालिकेतील सर्वांत गाजलेले पदक ‘लुसिटानिया’ बोटीचे. ७ मे १९१५ रोजी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने ही ब्रिटिश उतारू बोट बुडविली. अठरा मिनिटांत ती तळाशी गेली आणि सुमारे बाराशे माणसे मेली. त्यांत १२८ अमेरिकन होते. बोटीवर रायफलींची सुमारे बेचाळीस लाख काडतुसे होती, हेही खरे. शिवाय न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतून जर्मन वकिलातीने, ब्रिटिश बोटींतून प्रवास करणे धोक्याचे आहे, अशी सूचना १ मे रोजी छापविली होती.

पदकाची मागची बाजू आधी पाहू. कुनार्ड कंपनीची तिकिटखिडकी आहे, समोर उतारूंची गर्दी आहे, आणि खिडकीत तिकिटे विकायला सांगाडा बसला आहे. गर्दीतला एक जण वर्तमानपत्र वाचतो आहे. त्यावर पाणबुडीच्या धोक्याचा मथळा आहे. उंच टोपीतला एक गृहस्थ बोट उंचावून बजावतो आहे. तो जर्मन राजदूत, असे समजले जाते. वर शब्द आहेत, ‘धंदा सर्वांच्या वर’. हे शब्द जर्मनांच्या एका सुप्रसिद्ध देशभक्तिपर गीताच्या रचनेवर बेतलेले आहेत. म्हणजे चित्रात विडंबन आहे आणि शब्दांतही. मृत्यूला दुकानदार केल्यावर येथे गौरव चालला आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. पदककलेच्या दृष्टीने मला ही बाजू उत्तम वाटते. दाटीवाटीची असूनही तिचा केंद्रबिंदू हरवत नाही, आणि गर्दीतले चेहरे आपापल्या घाईत आहेत, त्यांना खिडकीत कोण बसले आहे ते दिसतच नाही, ही कल्पना सूचक आहे.

घोटाळा पुढच्या बाजूला आहे. तेथे बुडणारी बोट आहे. तिच्यावर तोफा आणि विमाने रचलेली दाखविली आहेत. वर शब्द: ‘निषिद्ध माल नाही!’ खाली कोरले आहे की ही मोठी बोट जर्मन पाणबुडीने ५ मे १९१५ रोजी बुडविली. वरचे शब्द उपरोधाचे आहेत. ते शत्रूच्या तोंडचे आहेत आणि चित्र त्यांना खोटे पाडते. खालचे शब्द मात्र सरळ आहेत. त्यांत काहीच व्याज नाही. नाव, कृत्य, कर्ता, तारीख. नेमके असेच शब्द गौरवाच्या पदकावर असतात. एकाच बाजूवर वर उपरोध आणि खाली शिलालेख, आणि दोहोंमध्ये बुडती बोट. वाचणाऱ्याने वरचा स्वर खाली न्यावा की खालचा स्वर वर न्यावा? गोएट्झना वाटले असावे की स्वदेशीय वाचक वरून खाली येईल. शत्रू खालून वर गेला.

दोष केवळ शत्रूच्या कुटिलतेचा नाही. पदक हा साक्ष देणारा प्रकार आहे. व्यंगचित्रात नाक हातभर लांब काढले तर कोणी फसत नाही. तारीख घातलेल्या पदकावर तोफा कोरल्या की तो पुरावा ठरतो, आणि पुरावा म्हणून खोटा ठरतो. बोटीवर काडतुसे होती, पदकात दाखविलेल्या तोफा आणि विमाने नव्हती. काडतुसांच्या पेट्या कोरल्या असत्या तर उपहास तितकाच बोचला असता आणि टिकला असता. अतिशयोक्तीने येथे खऱ्या मुद्द्याचा घात केला. तारखेचेही तेच. बोट बुडाली ७ मे रोजी, पदकावर ५ मे. गोएट्झनी पुढे वर्तमानपत्रातल्या चुकीकडे बोट दाखविले आणि ७ तारखेची दुरुस्त आवृत्तीही काढली. पण ओतून बाहेर गेलेला धातू परत बोलावता येत नाही. इंग्लंडात त्या दोन दिवसांचा अर्थ असा लावला गेला की पदक आधीच तयार होते, म्हणजे कत्तल ठरवून केलेली होती.

आणि येथून त्या पदकाचा दुसरा जन्म सुरू होतो. गोएट्झनी मूळ पदके काढली ती काही शेकडा. १९१६ मध्ये ती इंग्रजांच्या हाती पडली. लंडनचे प्रसिद्ध दुकानदार गॉर्डन सेल्फ्रिज यांच्या पुढाकाराने त्याची बिडाची हुबेहूब प्रत काढण्यात आली, आणि ती अडीच-तीन लाखांच्या घरात खपली. किंमत एक शिलिंग. उत्पन्न आंधळ्या झालेल्या सैनिकांच्या सेंट डन्स्टन्स संस्थेला आणि रेड क्रॉसला. प्रत पुठ्ठ्याच्या डबीत येई, डबीच्या झाकणावर बोटीचे चित्र असे आणि आत एक छापील पत्रक असे. पत्रकात पदकावरील शब्दांचा अर्थ दिला होता, आणि निरपराध उतारूंच्या मृत्यूचा जर्मनीने असा उत्सव केला, असे वाचकास सांगितले होते. हे पदक जर्मन सरकारनेच पाणबुडीच्या खलाशांना दिले, अशीही अफवा पसरली. जानेवारी १९१७ मध्ये बव्हेरियाच्या युद्धखात्याने पदक काढण्यास बंदी केली आणि शिल्लक प्रती जप्त करण्याचा हुकूम दिला. तोवर त्याचा उपयोग होण्याजोगे काही उरले नव्हते.

साहित्याच्या इतिहासात असा प्रसंग क्वचितच सापडेल. विडंबनकाराची कृती प्रतिपक्षाने उचलली, एका अक्षराखेरीज काही बदलले नाही, आणि शेजारी एक पान छापून तिचा अर्थ उलटा केला. ते अक्षरही सांगतो, कारण संग्राहकांची भिस्त त्यावर असते. मूळ पदकावर मे महिन्याचे नाव जर्मन रीतीने ‘आय’ या अक्षराने संपते. इंग्रज प्रतीत ते ‘वाय’ने संपते. शत्रूची हुबेहूब नक्कल करताना स्वतःची भाषा चुकून डोकावली. मला या चुकीत सबंध प्रकरणाचे सार दिसते.

आता बाजाराकडे पाहा. गुंटर कीनास्ट यांनी १९६७ साली गोएट्झच्या पदकांची सूची प्रसिद्ध केली. तीत ‘लुसिटानिया’चा क्रमांक १५६ आहे, आणि जगभरचे संग्राहक त्याच क्रमांकाने या पदकाचा उल्लेख करतात. मूळ ओतीव पदकाला मोठा मान आहे. इंग्रज प्रत मात्र ‘नक्कल’ म्हणून खालच्या खणात जाते. डबी फाटकी असली तर फेकली जाते आणि पत्रक जीर्ण म्हणून केरात जाते. मूळ पदक मौल्यवान नाही असे मी म्हणत नाही. पण इतिहासात जे काम झाले ते प्रतीने केले. लोकांच्या हातांत ती गेली, संताप तिने पेटविला, अंधांच्या घराला पैसा तिने मिळवून दिला. आणि त्या प्रतीतही केवळ धातूचा तुकडा अर्धा आहे. उरलेला अर्धा त्या पत्रकात आहे. पत्रकाशिवाय ती प्रत म्हणजे मूळ पदकाची थोडी बोथट आवृत्ती. पत्रकासह ती एक स्वतंत्र कृती, व्याजस्तुतीची निंदा करणारी. तिला नकली म्हणणे म्हणजे ‘झेंडूची फुले’ला रविकिरण मंडळाची अशुद्ध प्रत म्हणण्यासारखे आहे.

येथे एक आक्षेप येईल. खोटा प्रचार करणारे पत्रक जपून ठेवण्यात काय पुरुषार्थ? आक्षेप रास्त आहे, पण तो प्रतीइतकाच मूळ पदकालाही लागतो. शिवाय गोएट्झच्याच मालिकेत त्याहून अवघड प्रश्न उभा करणारे पदक आहे. युद्धानंतर फ्रान्सने ऱ्हाइनकाठच्या प्रदेशात आपल्या आफ्रिकी वसाहतींतील सैनिक ठेवले. त्यावर जर्मनीत जो विखारी प्रचार झाला त्याला ‘काळी लाज’ असे नाव होते. १९२० साली गोएट्झनी या विषयावर पदक काढले. एका बाजूस फ्रेंच शिरस्त्राण घातलेल्या आफ्रिकी सैनिकाचा विकृत केलेला चेहरा. दुसऱ्या बाजूस बांधलेली नग्न स्त्री आणि इतके अश्लील प्रतीक की त्याचे वर्णन येथे करीत नाही. काही सूचींत हे पदक ‘उपहासाचे’ म्हणूनच नोंदलेले आढळते, आणि त्याला मागणीही बरी असते.

मला हा शब्द येथे मान्य नाही. उपहास म्हणायचा तर ज्याच्यावर तो केला त्याच्या अंगी काही सत्ता, काही ढोंग, काही मोठेपणाचा आव असावा लागतो. कुनार्ड कंपनी होती, ब्रिटिश नौदल होते. त्यांच्या बाबतीत पदक चुकले असेल, पण रोख सत्तेकडे होता. दुसऱ्याच्या साम्राज्याने दूर देशातून आणून उभा केलेला शिपाई हा सत्तेचा धनी नव्हे. त्याच्या चेहऱ्याच्या ठेवणीखेरीज या पदकाला दुसरा विषय नाही. येथे व्याज उरत नाही. उघडी निंदा उरते. आणि गंमत अशी की कसबाच्या दृष्टीने हे पदक आधीच्या पदकापेक्षा नीटस आहे: एक चेहरा, एक कल्पना, काही दाटी नाही. द्वेषाला रचना सोपी जाते, असे म्हणावेसे वाटते. संग्राहकाने हे पदक ठेवू नये असे मी म्हणणार नाही. ठेवले नाही तर तो प्रचार झालाच नाही, असे म्हणायला पुढच्यांना वाव मिळेल. पण त्याच्या खाली ‘विनोदी’ अशी चिठ्ठी लावून ‘ब्रायन मनी’शेजारी ते मांडणे हे वाचन चुकल्याचे लक्षण आहे.

गोएट्झचे समकालीन सगळेच या वाटेने गेले नाहीत, हेही नोंदविले पाहिजे. वाल्टर एबरबाख यांच्या १९१७ च्या व्हर्दूनविषयक पदकात मृत्यूचा सांगाडा पृथ्वीच्या गोलातून पंपाने रक्त उपसतो आहे. रोख फ्रेंचांकडे होता म्हणे. पण ते पाहणाऱ्याला शत्रू-मित्र आठवत नाहीत, पंप आठवतो. लुडविग गीस यांची छोटी ओतीव पदके तर प्रचारापासून आणखी दूर, शोकाच्या जवळ. या गीस महाशयांचे नशीब मोठे विलक्षण. १९३७ साली नाझींनी म्युनिकला भरविलेल्या ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात त्यांचा ल्यूबेकचा क्रूस हिणवण्यासाठी टांगला गेला. त्याच राजवटीत राइशबँकेसाठी त्यांच्याकडून गरुड करवून घेतला गेला, आणि १९५३ मध्ये बॉनच्या संसदेतला मोठा गरुडही त्यांनीच केला. त्याला लोक लाडाने ‘लठ्ठ कोंबडी’ म्हणत. राजचिन्हाचा उपहास शेवटी लोकांनी शब्दांत केला, धातूची गरज पडली नाही.

संग्राहकाच्या कामाचे खरे फळ कोठे दिसते, त्याचे एक उदाहरण देतो. जॉर्ज फ्रान्सिस हिल हे ब्रिटिश म्यूझियमच्या नाणी व पदके विभागाचे प्रमुख होते. युद्ध ऐन भरात असताना, १९१७ साली, त्यांनी जर्मनीच्या स्मारकपदकांवर एक पुस्तिका लिहिली. शत्रूची ही पदके म्यूझियमने नोंदी करून आपल्या संग्रहात जपली. पुढे १९३५-३६ च्या युरोपप्रवासात डेव्हिड स्मिथ या अमेरिकन शिल्पकाराने ती तेथे पाहिली. परत जाऊन १९३७ ते १९४० या काळात त्याने ‘अप्रतिष्ठेची पदके’ या नावाची पंधरा पदके केली: युद्धाचा नफा, रासायनिक अस्त्रे, युद्धाला हातभार लावणारे प्रतिष्ठित लोक, असे त्यांचे विषय. १९४० साली न्यूयॉर्कला ती मांडली तेव्हा प्रत्येक पदकासाठी त्याने स्वतः मजकूर लिहिला होता. गोएट्झच्या पदकाला जे पत्रक शत्रूने जोडले, तसे पत्रक स्मिथने आपल्या पदकांना आपल्याच हाताने जोडले. ज्या म्यूझियममध्ये त्याने ती जर्मन पदके पाहिली, तेथेच २००९ साली याच प्रकारच्या पदकांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले.

म्हणून, ज्यांना या विषयाचा नाद आहे त्यांना एक विनंती. ‘लुसिटानिया’ची बिडाची प्रत हाती आली तर महिन्याच्या नावातले शेवटचे अक्षर अवश्य पाहावे. ते ‘वाय’ निघाले तर निराश होऊन डबी टाकू नये. पत्रक चुरगळलेले असेल तर ओल न लागेल अशा कागदात सपाट करून ठेवावे, त्यावर डिंक लावू नये. नोंदवहीत ‘नक्कल’ असा एक शब्द न लिहिता लंडन, १९१६ नंतरची प्रत, असे लिहावे. पत्रकाचा मजकूर शब्दशः उतरवून त्याच्या समोरच्या पानावर पदकावरील जर्मन शब्दांचा अर्थ लिहावा, आणि दोन्ही पाने एकत्र शिवावीत.